तीन खेळ्या बाकी

कटिंग मास्तरांना खेळाचं वेड आहे असं कोणी म्हटलं की ते हातातला खडू खाली ठेवतात. वेड म्हणे! तीस वर्षं माणूस एखादी गोष्ट मन लावून करतो, त्याला वेड म्हणत नाहीत. म्हणायचंच तर अभ्यास म्हणा. आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात साठ माणसं. त्यातली निम्मी जेवायच्या सुट्टीत मोबाइलवर बोटं मारत असतात, पण कोणता खेळ का चांगला आणि कोणता का भिकार असं विचारलंत तर "टाइमपास आहे हो" याच्या पुढे गाडी जात नाही. मास्तरांना विचारा. डबा गार होईल, पण उत्तर मिळेल.

बटणताईने एकदा विचारलं, आणि तिथून पुढे सहा वर्षं ती ऐकतच होती.

बटणताई म्हणजे काजबटणाच्या मशीनवरची. वय एक्केचाळीस, बोलणं कमी, नजर घारीची. शर्टांची चळत दहा पावलांवरून बघून "तिसऱ्याचं चौथं बटण सैल आहे" असं सांगणारी. तिचं मशीन मास्तरांच्या कापायच्या टेबलाला लागून, म्हणून सुट्टीत ती, मास्तर आणि प्रेसमावशी एकत्र बसत. प्रेसमावशी इस्त्रीवर असते. साठीला टेकली आहे आणि तिची जीभ तिच्या इस्त्रीपेक्षा गरम.

संगणकावरच्या जुन्या बंदुकीच्या खेळांवर मास्तरांचा भारी जीव. "तेव्हा पडद्याच्या खाली कोपऱ्यात जिवाचा आकडा असायचा," ते सांगत. "शंभर. गोळी लागली, झाले ऐंशी. ऐंशी म्हणजे ऐंशीच. औषधाची पेटी शोधून काढ, नाहीतर तसाच पुढे जा. आणि हल्ली? भिंतीआड बसून चार श्वास घेतले की जखम गायब. मावशी, तुमचा गुडघा बरा झाला का हो असा भिंतीआड बसून?"

"मला एकदा बसलं की उठवत नाही," मावशी म्हणे. "तुमचं चालू द्या."

"लाल किल्ली, निळी किल्ली, पिवळी किल्ली. किल्ली या टोकाला, दार त्या टोकाला. शोधता शोधता सगळी इमारत पायाखालची व्हायची. डोळे मिटून फिरलो असतो. आता डोक्यावर बाण नाचतो, इकडे वळ, तिकडे वळ. अरे, बोट धरूनच न्यायचं होतं तर मला बोलावलंस कशाला?" आणि एका वेळी दोनच बंदुका बाळगू देणाऱ्या खेळांवर तर त्यांचा दातच होता. त्यांच्या टेबलावर कात्र्या सात. उद्या कोणी म्हणालं, मास्तर, दोनच ठेवा, तर काय करायचं?

पण जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यातले मास्तर नव्हते. भिंतीतला एक खटका शोधायला दीड तास त्याच बोळातून फिरवणारे खेळ त्यांनी पाहिले होते. "तो खेळ नव्हे, ती शिक्षा," ते म्हणत. एवढ्याशा कठड्यावरून उड्या मारायला लावणाऱ्यांना तर त्यांनी कधीच माफ केलं नाही. बटणताईला हेच आवडायचं. हा माणूस आपल्या लाडक्या गोष्टीचंही खोटं कौतुक करत नाही. मग त्याने कशाला चांगलं म्हटलं तर ते चांगलंच असणार. अशी माणसं कारखान्यात किती? ती मोजायला एका हाताची बोटं पुष्कळ झाली.

तरी बंदुकीचे खेळ ही मास्तरांची तरुणपणची हौस. खरं घर म्हणजे आळीपाळीने खेळायचे डावपेचांचे खेळ. चौकोन आखलेली जमीन. सहा जणांचं पथक. आधी आपली खेळी, मग शत्रूची. प्रत्येक सैनिकाला ठरावीक ताकद. ती चालण्यात घालवा, नेम धरण्यात घालवा, नाहीतर राखून ठेवा, म्हणजे शत्रू हलला की गोळी सुटेल. आणि आपण 'खेळी संपली' असं सांगेपर्यंत समोरचा एक पाऊल उचलत नाही. तासभर विचार करा, कोण विचारतंय? "बंदुकीच्या खेळात हात लागतो," मास्तर म्हणत. "इथे डोकं लागतं, आणि त्याहून जास्त धीर."

चाळीस थर कापड एकावर एक पसरून त्यावरून विजेची सुरी फिरवणारा माणूस तो. सुरी एक सूत सरकली की चाळीस बाह्या वाया. त्याला धीर काय असतो ते दुसऱ्याने शिकवायची गरज नव्हती.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, गोळी झाडायच्या आधी विचारायचं, 'चुकली तर पुढे काय?' पडद्यावर लिहून येतं, लागण्याची शक्यता पंच्याण्णव टक्के. गोळी चुकते. पोरंटोरं बोंब ठोकतात, फसवणूक आहे म्हणून. "फसवणूक कसली?" मास्तर म्हणत. "पंच्याण्णव म्हणजे शंभर नव्हे. विसातली एक कोणाच्या तरी वाट्याला येणारच. ती आपल्या वाट्याला आली तर काय, एवढं ठरवून ठेवावं आणि मग खुशाल झाडावी." दुसरा नियम, मोहीम सुरू झाली की मागे जायचं नाही. बाकीचे खेळाडू सैनिक मेला की आधी जपून ठेवलेला डाव पुन्हा लोड करतात आणि काही झालंच नाही असं दाखवतात. मास्तर नाही. गेला तो गेला. त्याचं नाव त्या पथकात पुन्हा नाही.

आता नावांचं सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. मास्तर आपल्या सैनिकांना कारखान्यातल्या माणसांची नावं देत. शनिवार-रविवार दुपारी मोहिमा, आणि सोमवारी सुट्टीत हजेरी. लोक डबे उघडायच्या आधी विचारत, "मास्तर, मी आहे ना?" पॅकिंगवाला तीनदा जखमी होऊन वाचला होता तर आठवडाभर छाती काढून फिरत होता. प्रेसमावशीला पथकातली सगळ्यात जड बंदूक दिली होती, आणि मावशीचं म्हणणं होतं की न्याय झाला. एकदा मॅनेजरसाहेबांच्याही कानावर गेलं. टेबलाशी येऊन हसत म्हणाले, "काय मास्तर, मी आहे का तुमच्या खेळात?"

"होता, साहेब," मास्तर म्हणाले. "दुसऱ्याच मोहिमेत गेलात. जरा पुढे पुढे करत होता."

बटणताई पथकाची नेमबाज. उंच जागी चढायचं आणि लांबून टिपायचं. बावीस मोहिमा झाल्या, अंगावर ओरखडा नाही. तिने कधी संगणकाला हात लावलेला नव्हता, पण सोमवारी मास्तरांनी "बटणताईने काल चार टिपले" म्हटलं की तिला दिवसभर बरं वाटे. घरी कोण म्हणणार असं? नवरा लांबच्या गाड्या चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. माणूस सोन्यासारखा, पण त्याला बटणताई चार माणसं टिपू शकते हे पटलं नसतं.

तर अशा या बटणताईच्या छातीत गाठ निघाली.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, लवकर सापडली आहे, ऑपरेशन करू, शंभरातल्या नव्वद जणी ठणठणीत होतात. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने हुश्श केलं. बटणताईने केलं नाही. ती म्हणाली, "आणि मी उरलेल्या दहांतली निघाले तर पुढची चाल काय?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग वीस मिनिटं त्यांनी कागदावर आकृत्या काढून सगळं सांगितलं. असं झालं तर हे औषध, तसं झालं तर ते, हा रस्ता बंद झाला तर हा दुसरा. उठताना म्हणाल्या, "असं विचारायचं कोणी शिकवलं तुम्हाला?" बटणताई म्हणाली, "आमच्या कटिंग मास्तरांनी." डॉक्टरीणबाईंना काय कळलं असेल देव जाणे. पण तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवताना बटणताईला पहिल्यांदा जरा पायाखाली जमीन आहे असं वाटलं. नशीब आपल्या हातात नसतं, पण पुढची चाल असते. हे तिला मास्तरांनी दिलं होतं.

त्रास झाला तो माणसांच्या मायेचा. बहीण हातातली बादली काढून घ्यायला लागली. नवरा फोनवर सारखा "बस, उठू नकोस." कारखान्यात कोणी तिला चळत उचलू देईना. शुक्रवारी, सुट्टीवर जायच्या आधीच्या शेवटच्या दिवशी, मास्तरही हळूच म्हणाले, "या रविवारी तुला मोहिमेवर नेत नाही. विश्रांती घे."

"तुम्हीसुद्धा?" बटणताई म्हणाली. "सगळे मला उचलून फळीवर ठेवायला लागलेत. निदान तिथे तरी मला चालू द्या. मला घेऊन जा, मास्तर."

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

सोमवारी तिला दवाखान्यात दाखल केलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारी बरोबर सुट्टीच्या वेळेला तिने प्रेसमावशीला फोन लावला. "हजेरी झाली का? मी आहे ना?"

मावशी म्हणाली, "अगं, तुला काय झालंय! ठणठणीत आहेस. पाच टिपलेस." मावशीला आयुष्यात खोटं बोलता आलं नाही, तिचा आवाज लगेच चढतो.

"मास्तरांना द्या," बटणताई म्हणाली. खेळातली बाहुली ती, तिचं काय एवढं, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. उपयोग झाला नाही. भीती एकदा रस्ता शोधायला लागली की तिला बाहुलीसुद्धा पुरते.

मास्तरांनी फोन घेतला. "पडली आहेस," ते म्हणाले. "मेलेली नाहीस. रक्त जातंय. तीन खेळ्यांत कोणी पोचून मलमपट्टी केली तर वाचशील."

मागून मावशी ओरडली, "अहो, सांगायचं असतं का असं?"

"माझीच चूक आहे," मास्तर पुढे म्हणाले. "तुला धक्का लागू नये म्हणून सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या टाकीवर एकटीला ठेवलं. एक जण मागच्या शिडीने वर आला. त्याला मावशीने खालून उडवला, पण तुझ्याजवळ कोणी नाही. फार जपायला गेलो आणि कोणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून आलो."

"मग आता?"

"आता काही नाही. मी खेळी संपवलेली नाही. तू येईपर्यंत संपवणार नाही. मी सांगितल्याशिवाय त्यातलं कोणी हलत नाही, तुझं रक्तही जात नाही. बंदुकीच्या खेळात हे चाललं नसतं. तू तुझं ऑपरेशन उरकून ये. मग बघू."

फोन ठेवून बटणताईने मनाशी मोजलं. गाठ निघाल्यापासूनच्या दोन आठवड्यांत तिच्याशी खरं बोललेली माणसं दोन, डॉक्टरीणबाई आणि मास्तर. आणि दोघांनीही तिला घाबरवलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. रोज भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला, आज इथवर, उद्या दोन बोटं वर. तपासणीचा अहवाल आला तो बरा होता. सगळं निघालं आहे, काही महिने औषधं घ्यायची. बहीण रडली, नवरा गाडी अर्ध्या रस्त्यात सोडून आला आणि तोही रडला. बटणताईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती म्हणाली, "मला मास्तरांकडे सोडा."

मास्तरांनी खेळी थांबवल्यापासूनचा तो एकोणिसावा दिवस.

मास्तरांच्या घरी दार उघडलं ते मास्तरीणबाईंनी, आणि त्यांच्याकडे तक्रारींचा साठा होता. "ये बाई, आलीस ती बरी आलीस. एकोणीस दिवस ते डबडं चालू आहे. बंद करू देत नाहीत. मोहीम चालू असताना लोड करायचं नाही म्हणे, मग बंद कसं करणार! टेबलाला फडकं लावायची बंदी, चुकून बटण दाबलं जाईल म्हणून. वीज गेली तर काय, म्हणून बॅटरीवरची पंख्याची वायर काढून त्याला लावली. मी उकाड्यात, आणि ते मशीन गारेगार."

"किती बोलतेस," मास्तर आतून म्हणाले. "आधी तिला बसू दे."

टेबलावर खरंच बोटभर धूळ होती. पडद्यावर एक जुनं गोदाम, मधे मोकळं अंगण, पलीकडे पाण्याची टाकी. टाकीवर आडवी पडलेली छोटीशी आकृती. बटणताई तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"एकोणीस दिवस चौकोन मोजतोय," मास्तर म्हणाले. "गोदामाला वळसा घालून आलं तर पाच खेळ्या लागतात. तोवर तू संपलीस. अंगण ओलांडलं तर दोन खेळ्या. पण अंगणावर दोघं जण नेम धरून बसलेत, आणि आडोसा म्हणून काही नाही. मलमपट्टीची पिशवी एकट्या माझ्याकडे आहे." त्यांनी एका आकृतीवर बोट ठेवलं. "हा मी."

"दुसरा रस्ता नाही?"

"आहे की. तुला तिथेच सोडायचं आणि बाकीच्यांनी मागे फिरायचं. पाच जण सुखरूप घरी. शहाणा माणूस तेच करेल."

"तुम्हीच म्हणता ना मास्तर, एकासाठी दुसरा घालवू नये?"

"म्हणतो. आणि बरोबर म्हणतो," मास्तर म्हणाले आणि स्वतःला अंगणात उतरवलं.

पहिली गोळी डोक्यावरून गेली. दुसरी लागली. मास्तरांच्या आकृतीखालचा आकडा घसरत नऊवर आला. बटणताईने खुर्चीचा हात घट्ट धरला. शत्रूची खेळी झाली, कोणाला नेम सापडला नाही. दुसऱ्या खेळीत मास्तर शिडी चढले, पिशवी उघडली आणि टाकीवरची आकृती अर्ध्या ताकदीने का होईना, उठून बसली. मग पुन्हा शत्रूची पाळी आली. एकच गोळी. टाकीवर बटणताईच्या शेजारी उभे असलेले पडद्यावरचे मास्तर खाली कोसळले. या वेळी खेळ्या वगैरे काही नाही, सरळ नावावर काट.

"मागे जा," बटणताई म्हणाली. "लोड करा. आत्ताच्या आत्ता. एकदाच. कोण बघतंय इथे?"

"मी बघतोय की," मास्तर म्हणाले.

आणि मग तिला रडू फुटलं. गाठ सापडली तेव्हा आलं नव्हतं, ऑपरेशनला नेताना आलं नव्हतं, अहवाल आला तेव्हाही नाही. ते सगळं आत्ता आलं, हुंदक्यांवर हुंदके, दुखऱ्या हाताने तोंड झाकून. तो आवाज ऐकून मास्तरीणबाई चहा तसाच टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं अहवालाचंच काही तरी आहे. "काय झालं गं? काय म्हणाले डॉक्टर?"

"मास्तर गेले," बटणताई हुंदके देत म्हणाली.

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो धडधाकट खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. "गेले कुठे? कुठे जातात? चहा मागताहेत मघापासून," त्या म्हणाल्या, आणि बटणताईच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. तिला मनासारखं रडू दिलं. शहाणी बाई.

मास्तर वाट बघत होते. वाट बघणं त्यांना जमायचं. ती शांत झाली तेव्हा ते खुर्चीवरून उठले, तिला तिथे बसवलं आणि माउस तिच्या उजव्या हाताशी सरकवला. त्यांनी एकदाही "दुखत असेल तर राहू दे" असं म्हटलं नाही. याबद्दल ती आजही त्यांचं नाव काढते.

तिने गाल पुसले. हात पुढे करताना काखेतून कळ आली, ती सोसली. पडद्यावर पाच जण उरले होते, तिच्याकडे बघत, एकही न हलता. अंगणावर नेम धरलेले दोघं अजून तिथेच होते. टाकीच्या कठड्यावरून त्यातला एक दिसत होता, शक्यता साठ टक्के. मागे गोदामाचं दार उघडं होतं. झाडावी, की सगळ्यांना घेऊन निघावं?

"मास्तर," तिने मागे न बघता विचारलं, "आता काय करू?"

"मी मेलोय," मास्तर म्हणाले. "मला काय विचारतेस?"

बटणताईने चौकोन मोजायला घेतले.